सोळा आण्यांच्या हिशेबांत ६१७४



आजचें भाषण ऐकावयास बसतांना एक कागद आणि एक पेन्सिल जवळ असूं द्यावी, अशी माझी विनंति आहे. आंकडे मी सावकाश सांगेन. एखादी वजाबाकी कानावरून निसटली तर ती स्वतः करून पाहावी. माझ्या शब्दावर विसंबण्यापेक्षां तें केव्हांही बरें. असें कां म्हणतों, तें पुढें कळेलच.

परभणीहून पूर्णेकडे जाणारी गाडी परभणी सोडली कीं लौकरच पिंगळी नांवाच्या स्थानकावर येते. या गांवीं एका २२ डिसेंबरला, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांच्या जन्मदिवशीं, मुलांपुढें गणितावर चार शब्द बोलण्याचा योग मला आला. अशा प्रसंगीं मी नेहमीं करतों तेंच तेथेंही केलें. फळ्यावर १९०५ ही संख्या लिहिली. तीच कां लिहिली, तें मागाहून सांगेन. मुलांना म्हटलें, "आतां हे चार आंकडे उतरत्या क्रमानें मांडा: ९५१०. मग चढत्या क्रमानें मांडा: ०१५९. मोठ्या संख्येंतून लहान वजा करा."

बाकी आली ९३५१. हिचे आंकडे घेऊन पुन्हां तेंच करावयाचें: ९५३१ वजा १३५९, बाकी ८१७२. पुन्हां ८७२१ वजा १२७८, बाकी ७४४३. पुन्हां ७४४३ वजा ३४४७, बाकी ३९९६. पुढें ९९६३ वजा ३६९९, बाकी ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, बाकी ४१७६. आणि सातव्या खेपेस ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४. येथें गाडी थांबते. कारण ६१७४ चेच आंकडे पुन्हां मांडले तर ७६४१ वजा १४६७ हीच वजाबाकी येते आणि ६१७४ हीच बाकी राहते. चारही आंकडे सारखे नसलेली कोणतीही चार आंकडी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ती या मुक्कामाला येते. बाकीच्या आरंभीं शून्य आलें तर तें टाकावयाचें नाहीं, एवढें एक पथ्य पाळावें.

मुलें खुष झालीं. कोणी आपलें जन्मवर्ष घेतलें, कोणी घरच्या मोटारसायकलचा क्रमांक. सारे ६१७४ वर येऊन पोहोंचले. मीही रंगांत आलों आणि बोलून गेलों, "पाहा, हा सृष्टीचा चमत्कार आहे! या एका संख्येच्या अंगीं असें कांहीं आहे, कीं बाकीच्या साऱ्या संख्या तिच्याकडे ओढल्या जातात."

मागच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. वय नव्वदीच्या घरांत. मुलांपैकीं एकाचे पणजोबा. पोरवयांत ते एका आडत दुकानांत वही लिहीत असत. सारे त्यांना आबा म्हणत होते. कार्यक्रम आटोपल्यावर ते काठी टेकीत पुढें आले आणि म्हणाले, "गुरुजी, हे सगळं तुमच्या दहाच्या हिशेबात झालं. आमचा हिशेब सोळाचा होता. सोळा आण्याच्या हिशेबात ही तुमची संख्या काय करती?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. "पाहून सांगतों, आबा," असें म्हणालों आणि स्थानकाकडे निघालों.

या प्रश्नाचें उत्तर आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे. तत्पूर्वीं ६१७४ चा शोध लावणाऱ्या पुरुषाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण प्रश्नाचा रोख त्याच्या साऱ्या आयुष्याच्या कामावर होता, हें आबांना ठाऊक नसलें तरी मला ठाऊक होतें.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणूस झाला. फळ्यावरचें १९०५ तें हेंच. आणि तें वर्ष नेमक्या सातव्या वजाबाकीस मुक्कामाला येतें, ही गंमत मला फार आवडते. त्यांचें शिक्षण ठाण्यास आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत झालें. तेथें असतांना १९२७ सालीं त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस शाळामास्तर होते. गणिताचें वरचें शिक्षण त्यांनीं कधीं घेतलें नाहीं. शाळा सुटली कीं संख्या, आणि सुटी लागली कीं संख्या, असा त्यांचा क्रम. मुंबईहून तीस मैलांवरच्या एका स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली; त्या संख्यांना त्यांनीं स्थानकाचेंच नांव दिलें, डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. ज्या संख्येला तिच्याच आंकड्यांच्या बेरजेनें पुरता भाग जातो, तिला त्यांनीं हर्षद म्हटलें, म्हणजे आनंद देणारी. दुसऱ्या कोणत्याही संख्येंत तिच्या आंकड्यांची बेरीज मिळवून जी संख्या तयारच होत नाहीं, ती स्वयंभू. हीं नांवें ठेवणारा मनुष्य कोरड्या स्वभावाचा नसावा.

६१७४ चा गुण त्यांना १९४६ सालीं आढळला. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं तो सांगितला, आणि १९५५ सालीं 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकांत त्यावर लेख आला. बाकीचें बरेचसें लेखन त्यांनीं पदरच्या पैशानें लहान लहान पुस्तिका छापून प्रसिद्ध केलें. देशांतल्या कित्येक विद्वानांनीं त्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहिलें. मार्च १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां जगाला त्यांचें नांव कळलें. १९८६ सालीं ते वारले.

पोरखेळ म्हणणाऱ्यांचा आक्षेप हेकटपणाचा होता असें मात्र समजूं नये. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनीं रामानुजनांना जगापुढें आणलें, त्यांनीं १९४० सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत असलींच दोन उदाहरणें घेऊन मत दिलें आहे. ८७१२ ही संख्या आपल्याच उलट रूपाच्या, म्हणजे २१७८ च्या, चौपट आहे; आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. चार आंकडी संख्यांत असा गुण या दोघींचाच. हार्डी यांचें म्हणणें असें कीं, हीं नवलें वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला शोभतील, गणितज्ञाच्या मनाला त्यांत भावण्यासारखें कांहीं नाहीं. आक्षेपाचें मूळ आपण समजावून घेऊं. संख्या वेगळी आणि तिचें लेखन वेगळें. आठ आंबे हे आठच असतात, ते कोणत्या लिपींत लिहिले यावर त्यांची गोडी ठरत नाहीं. मग आंकडे उलटसुलट करून जें दिसतें, तें संख्येचें लक्षण कीं पोशाखाचें? आबांनीं मला हेंच विचारलें होतें.

आपण दहाच्या पायावर लिहितों. एकं, दहं, शतं, सहस्र अशीं घरें मांडतों. प्रत्येक घर उजवीकडच्या घराच्या दसपट. याला हातांच्या दहा बोटांपलीकडे मोठें कारण दिसत नाहीं. आपल्याच व्यवहारांत दुसरे पाये थोडे का होते? १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, तोंपर्यंत रुपयाचे सोळा आणे. पिंगळीच्या बाजूस निजामी अमलांत हाली शिक्का आणि कलदार असे दोन रुपये चालत, पण आणे दोहोंतही सोळाच. शेराच्या छटाका सोळा, मणाचे शेर चाळीस, कोडीचे नग वीस, डझनाचे बारा. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी अशीं पाढ्यांचीं सारीं ठाणीं घडाघड म्हणत, तें या सोळाच्या राज्यांत पाव आणि अर्धा सरळ निघत असल्यामुळेंच.

पिंगळी हें नांव ऐकलें कीं मला छंदःशास्त्रकार पिंगल आठवतो. गांवाचा आणि आचार्याचा मी संबंध जोडीत नाहीं; नांवाचा योगायोग एवढेंच. पण त्याचा उल्लेख येथें अस्थानीं नाहीं. लघु आणि गुरु या दोनच चिन्हांत त्यानें वृत्तांची मोजदाद बसवली. चार अक्षरांच्या चरणाचे सोळा प्रकार होतात. त्यांतला सहावा कोणता, असें कोणी विचारलें तर यादी न लिहितां उत्तर काढण्याची रीत त्याच्या सूत्रांत आहे. संख्या सम असेल तर अर्धी करावी आणि लघु लिहावा. विषम असेल तर एक मिळवून अर्धी करावी आणि गुरु लिहावा. सहा सम, म्हणून लघु; उरले तीन. तीन विषम, एक मिळवून अर्धे केले, गुरु, उरले दोन. दोन सम, लघु, उरला एक. एक विषम, गुरु. उत्तर लघु, गुरु, लघु, गुरु. आजच्या गणकयंत्रांच्या पोटांत दोनाच्या पायावर जें लेखन चालतें, त्याचीच ही रीत आहे. आणि तीं लांबलचक ओळ माणसाला वाचतां यावी म्हणून यंत्रांवर काम करणारे लोक चार चार चिन्हांचा गट करून सोळाच्या पायावर लिहितात. नाण्यांतून गेलेले सोळा असे दुसऱ्या दारानें परत आले आहेत.

आतां आबांचा प्रश्न. आण्यांचा हिशेब एकाच घरापुरता सोळाचा होता. आपण चारही घरें सोळाचीं करूं. उजवीकडून पहिलें घर एकाचें, दुसरें सोळाचें, तिसरें दोनशें छप्पन्नचें, चौथें चार हजार शहाण्णवचें. एका घरांत पंधरापर्यंत आंकडा बसूं शकतो. या रीतीनें ६१७४ लिहूं गेलों तर चौथ्या घरांत एक, तिसऱ्यांत आठ, दुसऱ्यांत एक आणि पहिल्यांत चौदा येतात: १–८–१–१४.

हे आंकडे उतरते मांडले: १४–८–१–१. चढते मांडले: १–१–८–१४. वजाबाकींत हातचा घेतांना दहा नव्हे, सोळा घ्यावयाचे. बाकी येते १३–६–८–३. पहिल्याच पावलाला ६१७४ आपल्या जागेवरून हलली! पुढें जाऊं: १०–१–१३–६, मग १२–३–११–४, मग ९–६–८–७, मग ३–०–१४–१३, मग १४–९–५–२, आणि पुन्हां १२–३–११–४. मुक्काम नाहीं, या शेवटच्या चार संख्यांच्या रिंगणांत ती घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरत राहते. दुसऱ्या संख्येपासून आरंभ केला तर रिंगण दुसरें मिळतें, एखाद्या वेळीं तीन संख्यांचें. मीं सोळाच्या पायावर चार आंकडी मुक्कामाची संख्या शोधून पाहिली. तशी एकही नाहीं, हें थोड्या बीजगणितानें सिद्धही होतें.

तेव्हां मीं त्या मुलांना सांगितलें होतें तें चूक होतें. ६१७४ या संख्येच्या अंगीं तसा कांहीं ओढ घेणारा गुण नाहीं. हें मला प्रथम बोंचलें. परंतु कागद पुढें होताच, म्हणून मीं आणखी एक गोष्ट करून पाहिली: चार आंकडे सोडून तीन घेतले.

येथें श्रोत्यांनीं पेन्सिल हातांत घ्यावी. तीन आंकडी संख्येंत मधला आंकडा दोन्ही मांडण्यांत मध्येंच राहतो, म्हणून वजाबाकींत तो कटून जातो. उरतें तें मोठ्या आणि लहान आंकड्यांतलें अंतर. अंतर सहा असेल तर दहाच्या पायावर बाकी ५९४. सात असेल तर ६९३. आठ असेल तर ७९२. मधला आंकडा नेहमीं नऊ; डावीकडे अंतराहून एक कमी; उजवीकडे अंतर दहांतून वजा करून येणारा. आतां ७९२ चें नवें अंतर किती? नवांतून दोन गेले, सात. ६९३ चें सहा. ५९४ चें पांच. प्रत्येक वेळीं अंतर एकानें उतरतें, आणि पांचावर आलें कीं बाकी ४९५. तिचेंही अंतर नवांतून चार, पांचच. मुक्काम आला. आरंभींचें अंतर पांचाहून लहान असलें तरी दुसऱ्या पावलाला तें मोठें होतें आणि याच जिन्यानें खालीं उतरतें.

यांत पांच म्हणजे कोण? पांच म्हणजे दहाचें अर्ध. दहाच्या जागीं सोळा ठेवा, हाच जिना अंतर आठावर येऊन थांबतो. मुक्काम ७–१५–८, म्हणजे आपल्या लेखनांत २०४०. डझनाच्या हिशेबांत ५–११–६, म्हणजे ८५८. ज्या पायाचें सरळ अर्ध होतें, त्या प्रत्येक पायावर तीन आंकडी संख्यांचा एक आणि एकच मुक्काम आहे. पाया विषम असेल तर अर्ध निघत नाहीं, आणि संख्येला दोन पायऱ्यांमध्यें हेलपाटे घालावे लागतात. पांचाच्या पायावर १४३ आणि २४२ या दोन मांडण्यांत ती अखंड झोके घेत राहते.

म्हणजे ४९५ हें एका सर्वव्यापी नियमाचें दहाच्या गांवांतलें नांव ठरलें. मग ६१७४ मागें कोणता नियम? चार आंकड्यांत दोन अंतरें असतात: बाहेरच्या दोघांचें आणि मधल्या दोघांचें. ७, ६, ४, १ यांत बाहेरचें अंतर सहा, मधलें दोन. दोन म्हणजे दहाचा पांचवा भाग, सहा म्हणजे तीन पंचमांश. तेव्हां ज्या पायाला पांचानें भाग जातो, तेथें असा मुक्काम असणारच. पांचाच्या पायावर, म्हणजे एका हाताच्या बोटांवर, तो ३०३२ असा लिहिला जातो; आपल्या लेखनांत ३९२. तेथेंही साऱ्या चार आंकडी संख्या त्याच्याकडेच येतात. मीं एकूण एक प्रकार तपासला आहे. दोन आणि चार हे लहान पाये सोडले तर पांचानें न भागल्या जाणाऱ्या कोणत्याही पायावर चार आंकडी मुक्काम नाहीं. सोळाचा पांचवा भाग पूर्णांकांत निघत नाहीं. आण्यांच्या हिशेबांत ६१७४ ची जोडीदारीण कां मिळाली नाहीं, त्याचें कारण एवढेंच.

परंतु मुक्काम असणें आणि सर्वांनीं तेथें पोहोंचणें या दोन गोष्टी आहेत. कोडीच्या, म्हणजे वीसांच्या, पायावर १२–३–१५–८ हा मुक्काम आहे, आणि तरीही कित्येक संख्या त्याला चुकवून सहा संख्यांच्या एका रिंगणांत सांपडतात. कोणत्या पायांवर सारे प्रवासी एकाच मुक्कामाला येतात, हा प्रश्न सोपा नाहीं. तो १९७८ सालीं सुटला, आणि सोडविणारांपैकीं एक होते हेल्मुट हासे, बीजसंख्याशास्त्रांतले या शतकापूर्वीच्या शतकाचे एक अग्रगण्य जर्मन गणितज्ञ. त्यांनीं प्रिचेट यांच्यासह सिद्ध केलें कीं, असे पाये म्हणजे पांच, आणि पांचाला दोननें विषम वेळां गुणून येणारे: दहा, चाळीस, एकशें साठ, असे पुढें. वीस आणि ऐशीं वगळले जातात. देवळालीच्या शाळामास्तरानें कागदावर करून पाहिलेली वजाबाकी हासे यांनीं हातीं घेण्याजोगी मानली, तेव्हां त्यांत पोशाखापलीकडे कांहींच नव्हतें असें मला तरी म्हणवत नाहीं.

हार्डी यांच्या दोन उदाहरणांचेंही असेंच आहे. ९८०१ चा गुण दहापुरता नाहीं. सोळाच्या पायावर १–०–१४–१५ ला पंधरानें गुणा, १५–१४–०–१ येते. अगदीं उलट मांडणी. कोणताही पाया घेतला तरी तेथें ९८०१ ची बहीण आहे. ८७१२ चा गुण पायाच्या विभाजकांवर अवलंबून आहे. दोननें भाग जाणाऱ्या मोठ्या पायांत तिची जोडीदारीण मिळते. आणि सोळाला चारनेंही भाग जातो, म्हणून तेथें तिसरीही मिळते: ४–३–११–१२ ची तिप्पट १२–११–३–४. हार्डी यांच्या गणितापुढें आमच्यासारख्यांनीं नम्रच असावें, पण हीं नवलें दुसऱ्या पायावर नेऊन पाहिलीं असतीं तर त्यांचें मत थोडें मवाळ झालें असतें, असें मला वाटतें.

आतां कोणी म्हणेल, मग ६१७४ चें स्वतःचें असें कांहीं उरलें कीं नाहीं? उरलें. तिचे अवयव दोन, तीन, तीन, सात, सात, सात. हें कोणत्याही पायावर बदलत नाहीं. सात तीन वेळां आल्यामुळें आठवड्याच्या, म्हणजे सातांच्या, पायावर ती २४००० अशी गुळगुळीत लिहिली जाते. अठरांच्या पायावर तर ती १११० होते. कारण अठराचा घन ५८३२, वर्ग ३२४ आणि खुद्द अठरा यांची बेरीज ६१७४. आणि गंमत अशी कीं ६, १, ७, ४ या आंकड्यांची बेरीजही अठराच. अठरानें ६१७४ ला भाग जातो, म्हणून कापरेकरांची ही संख्या कापरेकरांच्याच व्याख्येनें हर्षदही आहे. अर्थात् हर्षदपणा हा पुन्हां लेखनाचा गुण. प्रत्येक पायावर हर्षद राहणाऱ्या संख्या फक्त चार आहेत: १, २, ४ आणि ६. बाराही त्यांत बसत नाहीं; आठांच्या पायावर बारा १४ असे लिहितात, बेरीज पांच, आणि पांचानें बाराला भाग जात नाहीं.

एवढी सामग्री घेऊन मी पुन्हां पिंगळीस गेलों. मुलांना आधीं सांगितलें कीं गेल्या खेपेस माझें एक वाक्य चुकलें होतें, आणि १–८–१–१४ चें रिंगण फळ्यावर काढून दाखविलें. मला वाटलें होतें त्यांचा विरस होईल. तसें कांहीं झालें नाहीं. दोघांचौघांनीं लगेच बाराच्या पायावर वजाबाक्या मांडल्या आणि हातचा दहाचा कीं बाराचा यावरून वाद घातला.

आबा ओसरीवर बसले होते. म्हटलें, "आबा, आण्याच्या हिशेबात काही मिळालं नाही. सोळाला पाचानं भाग जात नाही, म्हणून अडलं." ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." मग मीं सांगितलें, "पण तुमच्या मण-शेराच्या हिशेबात मिळालं. चाळीस शेरांचा मण. तिथं मुक्काम आहे, आणि सगळ्या संख्या तिथं येतात." त्यांच्या नातसुनेनें आंतून पाटी आणून दिली. मीं लिहिलें: २४–७–३१–१६. आबांनीं स्वतः उतरते मांडले, ३१–२४–१६–७. चढते मांडले, ७–१६–२४–३१. आणि हातचा चाळीसाचा घेत, ओठांत पुटपुटत, एकही चूक न करतां वजाबाकी केली. बाकी आली २४–७–३१–१६. साठांहून अधिक वर्षांनीं त्यांनीं हातचा चाळीसाचा घेतला असावा.

थोडा वेळ ते पाटीकडे पाहत राहिले. मग विचारलें, "आन् अर्ध्या मणाचं, गुरुजी? वीस शेराचं?"

या वेळीं उत्तर माझ्यापाशीं होतें. मीं पाटी पुसली आणि सहा संख्यांचें तें रिंगण मांडावयास घेतलें.